फ्लाइट सिम्युलेटर अडखळतोय? ग्राफिक्स कार्डाच्या आधी बघायच्या गोष्टी

नांदेडच्या धावपट्टीवरून सेस्ना १७२ उचललं आणि नाक वायव्येला धरलं, की पूर्णा नदीवरची सिद्धेश्वर आणि येलदरी ही दोन्ही धरणं वाटेत लागतात. येलदरीपर्यंतचं हवाई अंतर साधारण ८५ किलोमीटर, म्हणजे पंचवीसेक मिनिटांचं उड्डाण. रोख तोच ठेवला तर आणखी दहा-बारा मिनिटांत लोणारचं विवर खाली येतं. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हे उड्डाण बेताच्या संगणकावरही बऱ्यापैकी सुरळीत होतं, कारण खाली शेतं आणि विरळ वस्ती असते आणि आकाशात दुसरं विमान जवळपास नसतं. आता तोच संगणक, तेच विमान आणि तीच सेटिंग घेऊन मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायला जा. चित्र अडखळायला लागतं आणि नेमकं चाकं टेकायच्या वेळी सगळं क्षणभर थिजतं.

पडदा तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, तरी हा फरक पडतो. तो का पडतो हे कळलं, तर संगणकात काय बदलायचं याचं निम्मं उत्तर हातात येतं. येलदरी, जिंतूर, सेलू अशा ठिकाणच्या मुलांना सुट्या भागांसाठी परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, नाहीतर ऑनलाइन मागवावं लागतं. न जमलेला भाग परत करणं ही इथे मोठी खटपट असते. घरातले पैसेही एकदाच मिळतात. म्हणून हा निर्णय पहिल्याच फटक्यात बरोबर यायला हवा. दुकानात मात्र बहुधा एकच सल्ला मिळतो: ‘मोठं ग्राफिक्स कार्ड टाका.’ इतर अनेक खेळांसाठी तो सल्ला योग्य आहे. सिम्युलेटरसाठी तो बऱ्याचदा चुकीचा ठरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरळीत म्हणजे काय, हे आधी नीट ठरवू. लोक एफपीएसचा, म्हणजे एका सेकंदात पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा आकडा सांगतात. साठचा आकडा ऐकायला छान वाटतो, पण डोळ्याला जाणवतं ते दोन चित्रांमधलं अंतर. सेकंदाला ३० चित्रं येत असतील तर प्रत्येकाला ३३ मिलिसेकंद मिळतात आणि ६० येत असतील तर सुमारे १७. प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंदांनी न चुकता येत राहिलं, तर विमान उडवायला ते पुरेसं असतं. उलट सरासरी ५५ आहे, पण मध्येच एक चित्र पाव सेकंद अडकतंय, तर तो संगणक उतरण्याच्या वेळी निरुपयोगी. सेस्ना उतरताना ६० ते ६५ नॉटच्या वेगात असतं, म्हणजे सेकंदाला तीसेक मीटर. पाव सेकंद चित्र थांबलं की विमान सात-आठ मीटर पुढे गेलेलं असतं आणि वैमानिकाचा हात जुन्या चित्रावरच काम करत असतो. म्हणून सरासरीपेक्षा समानता महत्त्वाची. यासाठी एक फुकटचा उपाय आजच करता येतो: फ्रेमची मर्यादा ३० किंवा ४० वर बांधून टाका. संगणक जे सातत्यानं देऊ शकतो तेवढंच मागितलं, की अर्ध्याअधिक तक्रारी तिथेच मिटतात.

आता मुंबईकडे वळू. प्रत्येक चित्र तयार होण्याआधी सिम्युलेटरला बरीच आकडेमोड करावी लागते. पंखांवरची हवा, इंजिन, वारा, ढग, आसपासची विमानं, कॉकपिटमधले डिजिटल पडदे, समोर येणाऱ्या इमारती आणि झाडं या सगळ्यांचा हिशेब प्रोसेसरकडे असतो, आणि त्यातला मोठा भाग एकामागून एक, एकाच धाग्यावर चालतो. इंग्रजी सेटिंगमध्ये यालाच मेन थ्रेड म्हणतात. प्रोसेसरला सहा कोअर असोत की सोळा, हा मुख्य धागा एकाच कोअरवर धावतो. तो उशीर करतो तेव्हा ग्राफिक्स कार्ड रिकामं बसून वाट बघतं. धरण कितीही भरलेलं असो, कालव्यात पाणी दरवाजा उघडतो तेवढंच येतं. दरवाजा तसाच ठेवून कालवा रुंद केला तर शेताला थेंबभरही जास्त मिळत नाही.

ही अडचण जुनी आहे. ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीनं १९७९ च्या सुमारास ॲपल टू संगणकासाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर केला. त्याच हातून मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला. तेव्हापासून प्रत्येक आवृत्ती आपल्या काळातल्या संगणकाच्या पुढेच राहिली. २००६ मधली ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ तर या बाबतीत गाजली. ती घडत होती तेव्हा एका कोअरचा वेग असाच वाढत जाईल, असा उद्योगाचा अंदाज होता. प्रत्यक्षात वेग अडला आणि कोअरची संख्या वाढली. त्यामुळे कित्येक वर्षांनंतरच्या महागड्या यंत्रांवरही ती अडखळतच राहिली. शिवाय ती ३२ बिटची असल्यामुळे चार जीबीच्या पुढची मेमरी तिला वापरताच येत नसे. २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेली आवृत्ती फ्रान्समधल्या असोबो स्टुडिओनं बनवली, पुढची नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. काम जास्त कोअरवर वाटण्यात दर वेळी सुधारणा झाली, तरी मुख्य धाग्याचं ओझं संपलेलं नाही.

म्हणून खरेदीआधी तपासणी करा, त्याला एक पैसाही लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरमध्ये सेटिंगमधून डेव्हलपर मोड चालू केला, की वरच्या पट्टीतून एफपीएसची खिडकी उघडता येते. कोण अडवतंय, मेन थ्रेड की जीपीयू, हे ती सरळ लिहून दाखवते. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला लागलेला वेळ पडद्यावर आणता येतो. हे जमलं नाही तर त्याहून साधी रीत आहे. रेंडर स्केलिंग १०० वरून ५० वर आणा. चित्र धूसर होईल. एफपीएस झपकन वाढला तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. आकडा जागचा हलला नाही तर अडचण प्रोसेसरची, आणि त्या संगणकात कितीही महाग कार्ड घातलं तरी मुंबईचं उतरणं तसंच राहील. ही परीक्षा येलदरीवर एकदा आणि मुंबईवर एकदा अशी दोन्ही ठिकाणी घ्या. उत्तरं वेगळी येऊ शकतात, आणि तुम्ही जिथे जास्त उडता तिथलं उत्तर धरायचं.

इथे विंडोजच्या टास्क मॅनेजरवर विसंबू नका. तो प्रोसेसरचा वापर ३० टक्के दाखवतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर मोकळाच आहे! बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम आठ टक्के दिसतो. सरासरीमागे भरलेला धागा लपतो. याच गैरसमजातून चुकीचं कार्ड विकत घेतलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

प्रोसेसर अडवत असेल तर नव्या प्रोसेसरमध्ये काय बघायचं? कोअरची संख्या बघू नका. एका कोअरचा वेग आणि एल-३ कॅशे या दोन गोष्टी बघा. कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली अतिजलद मेमरी. सिम्युलेटर सतत विखुरलेली माहिती मागतो. ती कॅशेत सापडली तर ठीक, नाहीतर रॅमपर्यंत जाऊन येईपर्यंत धागा थांबतो. एएमडीनं एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. त्यात ९६ एमबी कॅशे होती. त्याच पिढीच्या रायझन ५ ५६०० मध्ये ३२ एमबी. सिम्युलेटरवाल्यांनी ५८००एक्स३डीवर उड्या टाकल्या, आणि त्यात नवल नव्हतं. पुढे ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी त्याच वाटेनं आले. पैसे असतील तर आजही सिम्युलेटरसाठी हेच प्रोसेसर मी पहिले सुचवीन.

पण गावाकडच्या बहुतेक घरांत प्रश्न असतो तो आहे त्या मदरबोर्डचा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल, उदाहरणार्थ बी४५०, तर तुम्ही नशीबवान आहात. बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर, त्याच डीडीआर४ रॅमवर रायझन ५ ५६०० किंवा ५७००एक्स बसतो. एक्स३डी मालिकेतले जुने प्रोसेसर नवे मिळणं आता कठीण झालंय. विश्वासातल्या माणसाकडे वापरलेला मिळाला तर जरूर घ्या. प्रोसेसर इतर भागांच्या मानानं कमी बिघडतो, म्हणून वापरलेल्या भागांत मी त्याला पहिली पसंती देतो. फक्त खालच्या पिना वाकलेल्या नाहीत, हे उजेडात धरून तपासा. इंटेलचा बाराव्या पिढीचा बोर्ड असेल तर त्यावर तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा प्रोसेसरही बसू शकतो, मात्र बोर्डाच्या कंपनीची यादी आधी बघा. त्याआधीचा इंटेल संच, विशेषतः सातव्या पिढीपर्यंतचा असेल, तर त्यात पैसे घालू नयेत. तिथे बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर असं सगळंच बदलावं लागतं. शिवाय विंडोज ११ त्या पिढ्यांना अधिकृतपणे चालवत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

ग्राफिक्स कार्ड खरोखरच अडवत असेल तर त्यात वेगाइतकीच स्वतःची मेमरी बघा. चार जीबीच्या कार्डावर ही मेमरी भरली की चित्रांचा माल संगणकाच्या रॅममध्ये ढकलला जातो आणि मान वळवली की झटका बसतो. आज नवं कार्ड घेताना आठ जीबीच्या खाली येऊ नये. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड जुनं झालं तरी सिम्युलेटरवाले अजून विचारतात ते याचसाठी. स्वस्त कार्डांतली एक खोच जुन्या बोर्डवाल्यांनी लक्षात ठेवावी. आरएक्स ६५००एक्सटी सारखं कार्ड बोर्डाशी फक्त चार लेननं बोलतं. नव्या पिढीच्या स्लॉटवर ते निभावतं, पण तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटवर त्याची दमछाक होते. इंटेलचं आर्क बी५८० किमतीच्या मानानं चांगलं आहे, पण जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवरच जास्त भार टाकतो, आणि आपला तर मूळ त्रासच तो. डीएलएसएस, एफएसआर या सोयींबद्दलही असंच. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवण्याची सोय कार्डाचं ओझं हलकं करते, मुख्य धाग्याचं नाही. फ्रेम जनरेशन मात्र मधली चित्रं कार्डावरच तयार करतं, त्यामुळे प्रोसेसर अडलेला असतानाही डोळ्याला चित्र मऊ वाटतं. मूळ एफपीएस ३५-४० च्या आसपास असेल तर विमानासाठी ते मला पटतं. मूळच २० असेल तर दांडी हलवणं आणि विमान वळणं यांतला उशीर तसाच राहतो.

रॅमचं गणित सोपं आहे. २०२० च्या आवृत्तीला कंपनीनं १६ जीबी शिफारस केली होती. २०२४ च्या आवृत्तीत १६ ही किमान अट झाली आणि शिफारस ३२ वर गेली. आठ जीबी असेल तर बाकी काहीही घेण्याआधी ती वाढवा. आणखी एक दोष असेम्बल केलेल्या संगणकांत हमखास सापडतो: रॅमची एकच पट्टी. एका पट्टीवर मेमरीचा रस्ता निम्म्या रुंदीचा असतो. आठची एक असेल तर तशीच दुसरी आठची टाका, दोन्ही मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये बसवा आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. हे न केल्यामुळे ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २४०० किंवा २६६६ वर चालत राहते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती जगभर खूप चढल्यात, त्यामुळे ६४ जीबीच्या मोहात पडायची ही वेळ नव्हे. हार्ड डिस्कवर सिम्युलेटर असेल तर तो एसएसडीवर हलवा, एवढंच. साध्या एसएसडीवरून महागड्या एसएसडीवर गेल्यानं उड्डाणात फरक दिसत नाही.

यापुढचा भाग मराठवाड्यात राहणाऱ्यांनी नीट वाचावा. परदेशी परीक्षणं थंड खोलीत झालेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळीही गरम असतं. कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच चाळीसची असेल तर ९५ किंवा १०० अंशांची मर्यादा गाठायला प्रोसेसरला वेळ लागत नाही, आणि ती गाठली की तो आपला वेग स्वतःहून कमी करतो. खूण ठरलेली आहे: पहिली पंधरा-वीस मिनिटं छान, मग अडखळणं सुरू. एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्रॅम चालू ठेवून तापमान बघा. मर्यादेला टेकत असेल तर नवा प्रोसेसर घ्यायची गरज नाही. धूळ ब्रशनं काढा, थर्मल पेस्ट नवी लावा, प्रोसेसरबरोबर आलेल्या छोट्या पंख्याऐवजी एक बरा टॉवर कूलर बसवा, कॅबिनेटला पुढून हवा घेणारा आणि मागून टाकणारा पंखा द्या. कापसाच्या आणि मळणीच्या दिवसांत धूळ इतकी असते की जाळी महिन्याला झाडावी लागते. एवढ्या खर्चात मिळणारी सुधारणा दुसऱ्या कुठल्याच भागात मिळत नाही.

विजेचंही तसंच. येलदरीत २२.५ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, पण घरातल्या सॉकेटपर्यंत येणारा दाब स्थिर असेलच असं नाही. कृषिपंप चालू-बंद होतात तसा दाब हलतो. संगणक अचानक बंद होणं किंवा भार आल्यावर रीस्टार्ट होणं हे अनेकदा हलक्या एसएमपीएसचं लक्षण असतं. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ग्राफिक्स कार्ड चालवू नये. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा ५५० ते ६५० वॉटचा घ्यावा. पुढच्या दोन अपग्रेडना तोच पुरतो. यूपीएस घेताना डब्यावरच्या व्हीएच्या आकड्यावर जाऊ नका, वॉट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो आणि खेळाच्या भारात संगणक तेवढा सहज ओढतो. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी लहरीची वीज देतात, ती ॲक्टिव्ह पीएफसीच्या चांगल्या एसएमपीएसला मानवत नाही. दुकानातच जोडून, प्लग काढून बघायला सांगा. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर असू द्या.

लॅपटॉपवाल्यांना फारसं काही बदलता येत नाही. दुसरी रॅम पट्टी, एसएसडी, साफसफाई आणि मागची बाजू उंच ठेवणं, एवढंच. त्यात भागत नसेल तर पैसे साठवून डेस्कटॉप घ्यावा.

इंटरनेटमुळे येणारा झटका वेगळा ओळखता यायला हवा. मायक्रोसॉफ्टचे दोन्ही नवे सिम्युलेटर जमिनीचं चित्र चालू उड्डाणात नेटवरून ओढतात. २०२४ ची आवृत्ती डिस्कवर ५० जीबीच मागते, कारण बाकीचा माल ती नेटवरूनच आणते. तिची किमान अट १० एमबीपीएस आणि शिफारस ५० आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उडणाऱ्या गावातल्या मुलाला मी ती आज सुचवणार नाही. २०२० ची आवृत्ती जास्त जागा घेते, पण रोलिंग कॅशे मोठी ठेवून नेहमीचा मार्ग उडत राहिलं की तो भाग डिस्कवर साठतो. त्याहून बरा पर्याय एक्स-प्लेन १२. लॅमिनार रिसर्चचा हा सिम्युलेटर जमीन आधीच डिस्कवर ठेवतो आणि नेट नसताना उडतो. त्याची जमीन उपग्रहचित्रांइतकी देखणी नाही, पण तो पंखाच्या लहान लहान तुकड्यांवरचा दाब मोजून विमान उडवतो, त्यामुळे हाताला विमान खरं लागतं. फ्लाइटगिअर तर पूर्ण मोफत आणि मुक्त आहे, १९९७ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवलेला. जुना संगणक असेल तर नवे भाग घेण्याआधी महिनाभर यांवर उडून बघा.

सेटिंगमधल्या दोन पट्ट्यांचा उल्लेख करायलाच हवा: टेरेन लेव्हल ऑफ डिटेल आणि ट्रॅफिक. या दोन्ही प्रोसेसरला खातात. पहिली २०० वरून १०० वर आणली आणि विमानतळावरची उभी विमानं, गाड्या कमी केल्या, तर मुंबई बऱ्याच जुन्या प्रोसेसरवर उतरण्याजोगी होते. ढग आणि सावल्या कार्डाचं काम, त्या कार्डाच्या ऐपतीप्रमाणे ठेवा. आणि कीबोर्डवर उडवत असाल तर साधी जॉयस्टिक घ्या. पुष्कळांना विमान ‘झटके देतं’ असं वाटतं ते बटणांमुळे, चित्रामुळे नव्हे.

या सगळ्याकडे खेळ म्हणून बघायला हरकत नाही, पण ग्रामीण भागात यामागे बऱ्याचदा वैमानिक होण्याची इच्छा असते आणि तिचा मान राखून एक गोष्ट सांगायला हवी. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि घरच्या सिम्युलेटरवरचा एकही तास त्यात धरला जात नाही. गोंदिया, बारामती, धुळे इथे विमान प्रशिक्षण होतं आणि त्याचा खर्च लाखांच्या घरात आहे. घरी मिळतं ते वेगळं: उपकरणं वाचायची सवय, नकाशा, वाऱ्याचा हिशेब, रेडिओवरची भाषा. हे ३० फ्रेमवर आणि मध्यम चित्रावरही पूर्ण शिकता येतं. त्यासाठी कर्ज काढून सर्वांत वरचं कार्ड घेऊ नये.

आणि हा खर्च प्रत्येक घरानं वेगळा करायलाच हवा असंही नाही. जिंतूर, परभणी, हिंगोलीतल्या महाविद्यालयांना आणि सार्वजनिक वाचनालयांना माझी विनंती आहे: सहा कोअरचा एक चांगला प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आठ जीबीचं कार्ड, जॉयस्टिक, बरा यूपीएस आणि एक्स-प्लेन किंवा फ्लाइटगिअर असलेला एक संगणक तुमच्या प्रयोगशाळेत किंवा वाचनकक्षात ठेवा आणि शाळेतल्या मुलांना वेळ वाटून द्या. नेट नसतानाही तो चालेल, आणि पंचक्रोशीतल्या मुलामुलींना त्यावर आळीपाळीनं उडता येईल.